केरबाशेठ म्हणतात म्हणजे बरोबरच

केरबा मिस्त्री कुणाच्याही घरी गेला की आधी भिंतीकडे बघायचा, मग माणसाकडे. बसायला सांगितलं तरी लगेच बसायचा नाही. उजव्या पायाची टाच जमिनीवर दोनदा आपटायचा, मान तिरपी करून ऐकायचा आणि मग जागा दिसेल तिथं, म्हणजे बहुतेक उंबऱ्यावर, टेकायचा. आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा माझी बायको पोहे घेऊन बाहेर आली, तर हा तिच्याकडे पाठ करून खिडकीच्या कोपऱ्यावर बोट फिरवत उभा. "वैनी, ही भेग पाडव्याच्या आदी व्हती का नंतर आली?" बायकोनं प्लेट ठेवली आणि आत येऊन मला म्हणाली, "तुमचे मिस्त्री मला घराची तब्येत विचारून राहिले." भेग पाडव्यानंतरच आली होती.

आमचं गाव अहमदपूर तालुक्यातलं. गावाखालून नाला जातो आणि नाल्याच्या दोन्ही अंगांना काळी जमीन आहे. कापसा-सोयाबीनला ती उत्तम, घराला मात्र वैरीण. उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते. तिच्यावर उभं केलेलं घर वर्षातून दोनदा हलवून निघतं. पुस्तकात हिला रेगूर मृदा म्हणतात. मला हे नीट माहीत आहे, कारण मी गावातल्या कन्या शाळेत भूगोलाचा मास्तर होतो आणि सत्तावीस वर्षं हे सगळं फळ्यावर आकृतीसकट काढत आलो. केरबाची शाळा चौथीत सुटली होती. भूकंपानंतर लातूरकडं घरं बांधायचं मोठं काम निघालं तेव्हा ऐन विशीत तो तिकडं मजुरीला गेला आणि हातात थापी घेऊन परत आला. काळ्या मातीबद्दल त्याचं एकच वाक्य होतं. "मुरूम लागंस्तोवर थांबायचं न्हाई." मुरूम म्हणजे काळ्या मातीखालचा कठीण थर, जो फुगत नाही. तो चार फुटांवर लागला तर पाया चार फूट, दहावर लागला तर दहा. यात त्याच्या मते बोलण्यासारखं काही नव्हतं.

शाळेला दोन नव्या खोल्या बांधायचं ठरलं तेव्हा बांधकाम समितीचा सचिव मी होतो, कारण माझं अक्षर बरं आहे. अध्यक्ष तात्यासाहेब. तात्यासाहेबांची दाळमिल आहे, आणि दाळमिल असल्यामुळे त्यांना आणखीही पुष्कळ कळतं. दहावीनंतर पोरीला कुठली शाखा द्यावी, शुगर असलेल्या माणसानं आंबा खावा का, अमेरिकेनं काय करायला पाहिजे होतं, हे सगळं गाव त्यांनाच विचारतं. ते सांगतात, आम्ही मान डोलावतो. माझी मान या कामात चांगली तयार झालेली आहे.

त्या बैठकीत केरबा दाराशी उभा होता. त्यानं आपण होऊन जागेवर खड्डा मारून बघितला होता आणि कागदाच्या पुडीत खालचा पिवळट मुरूम बांधून आणला होता. "सात फुटाला लागतो," म्हणत त्यानं पुडी टेबलावर उघडली.

"सात फूट?" तात्यासाहेब हसले. "अरे केरबा, शाळा बांधायची का विहीर? माझ्या मिलची भिंत चार फुटावर उभी हाय. बारा वर्षं झाली."

"मालक, तुमची मिल माळावर हाय. तितं हातभर खाली मुरूम हाय. हे नाल्याच्या कडंचं रान हाय."

गवंड्यानं बरोबर बोलणं एक वेळ चाललं असतं, पण तो तात्यासाहेबांच्या मिलबद्दल बोलला होता. लातूरहून आलेला एक तरुण इंजिनियर माझ्या शेजारी बसला होता. त्यानं मुरूम चिमटीत धरून बघितला आणि हळूच माझ्या कानाशी म्हणाला, "बरोबर बोलतोय हा." तेवढ्यात तात्यासाहेबांनी विचारलं, "काय ओ साहेब?" त्यावर साहेब मोठ्यानं म्हणाले, "चार फूट पुरतं सर. लोड काही फार नाही." मी वहीत लिहिलं, पाया चार फूट, सर्वानुमते मंजूर, आणि खाली वळणदार सही केली. फळ्यावर काढायची ती आकृती त्या वेळी मला पक्की आठवत होती, हे इथंच सांगून टाकतो.

केरबानं पुडी परत बांधली. "मंग हे काम मी करत न्हाई. दुसरा मिस्त्री बगा."

"काम सोडून खाशील काय?" कुणीतरी विचारलं.

"खाईन कायबी. पन पोरींच्या डोस्क्यावर भिंत ठिवून खानार न्हाई."

त्या हंगामात त्याला गावात काम मिळालं नाही. तात्यासाहेबांच्या शब्दाला न जुमानणाऱ्या मिस्त्रीला कोण बोलावणार? तो रेणापूरकडं कुणाच्या तरी गोठ्याचा कोबा करायला गेला. इथं खोल्या झाल्या, नारळ फुटला, तात्यासाहेबांनी पायाचं महत्त्व या विषयावर अर्धा तास भाषण केलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात भिंत बोलायला लागली. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून छताकडं तिरपी भेग गेली, मग दुसऱ्या खोलीत तशीच. आठवीच्या पोरी त्या भेगेत कागदाचे बोळे कोंबायच्या. त्यात केरबाची धाकटी लेक होती, रेणुका. तो तीनदा शाळेत आला. तिन्ही वेळा दाराबाहेर चपला काढून एकच सांगितलं, "खोल्या रिकाम्या करा. पोरींना झाडाखाली बसवा, पन इतं बसवू नका." मी ते तात्यासाहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी गिलावा करून घेतला आणि भेगेवरून जाईल असा एक सुविचार रंगवून घेतला. पुढं पावसाळा आला. माती फुगली, भिंत थोडी मागं सरकली आणि भेग मिटल्यासारखी दिसायला लागली. तात्यासाहेब म्हणाले, "बघा, भरून आली." जखमेसारखी भिंत भरून येते हे मला भूगोलात कुठं सापडलं नव्हतं. तरी मान हललीच.

केरबा मला एकदा रस्त्यात म्हणाला, "गुर्जी, मी लेकीला घरी बसवू शकतो. बाकीच्यांच्या लेकींचं काय करू?" त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

मग बायपास आला.

केरबाची गावाबाहेर जमीन होती, दगडाधोंड्यांची, बांधावर बाभळी. तिथं शेळीसुद्धा नाराज होऊन चरायची. नव्या रस्त्याची आखणी बरोबर तिच्या पोटातून गेली आणि केरबाला मावेजा, म्हणजे जमिनीचा सरकारी मोबदला, मिळाला. किती, ते मला माहीत नाही. गावाला मात्र रोज नवा आकडा माहीत असायचा. आठ दिवसांत केरबाचा केरबाशेठ झाला. उंबऱ्यावर टेकणाऱ्या माणसाला हात असलेली खुर्ची आली, चहा बशीसकट यायला लागला. मीही अहो-जाहो सुरू केलं. इथं एकेरी लिहितो आहे, कारण त्याला तेच बरं वाटायचं. "गुर्जी, तुमी अहो म्हनलं की मला वाटतं माझ्या मागं कोनतरी उभं हाय," असं तो म्हणायचा.

त्याच्या मताला काय भाव आला म्हणता. सकाळी दारात माणसं बसलेली असायची. पोरीला लातूरला क्लासला घालावं का नांदेडला? सुनेचं माहेरी जाणं कमी कसं करावं? शेअर बाजार वर जाईल का? केरबा माझ्याकडे मोबाइल घेऊन यायचा, त्याची बॅटरी बंद कशी करायची हे विचारायला. आणि लोक त्याला विचारायचे, पोराला कॉम्प्युटर द्यावा का मेकॅनिकल. एका निवृत्त हेडक्लार्कचे गुडघे दुखत होते. त्यानं इतका पिच्छा पुरवला की केरबा वैतागून म्हणाला, "रोज पहाटं शेतात उलटं चाला." हेडक्लार्क महिनाभर उलटे चालले. दोनदा पडले. मला भेटल्यावर म्हणाले, "फरक आहे हो. शेठची दृष्टी वेगळीच." माझं तोंड हसू दाबून दुखायला लागलं, पण घरी गेल्यावर मी गुपचूप अंगणात चार पावलं उलटी टाकून बघितली, हेही खरं आहे.

पुढच्या उन्हाळ्यात मधल्या सुट्टीत छताजवळचा गिलाव्याचा मोठा तुकडा आठवीच्या बाकावर पडला. पोरी बाहेर होत्या म्हणून वाचल्या. समिती बसली. तात्यासाहेबांनीच सुचवलं की या प्रसंगी केरबाशेठचं मार्गदर्शन घ्यावं. पोटात देणगीची आशा होतीच. केरबा आला. टाच आपटली. त्याला मधली खुर्ची दिली.

"पाडा," तो म्हणाला.

एका मिनिटात खोल्या पाडायचं ठरलं. जे सांगायला त्याला तीन खेपा घालाव्या लागल्या होत्या, ते एका शब्दात झालं. तात्यासाहेब म्हणाले, "शेठचं म्हणणं अगदी शास्त्रीय आहे." मग त्यांनी विचारलं, "आणि नव्या खोल्यांचा पाया किती घ्यावा, शेठ? जागा तीच."

केरबानं एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. शेवटी माझ्याकडे. मग शांतपणे म्हणाला, "दोन फूट बास हाय."

मी वाट बघितली. कुणीतरी बोलेल. तात्यासाहेब डोकं हलवत म्हणाले, "केरबाशेठ म्हणतात म्हणजे बरोबरच." तो लातूरचा इंजिनियर होताच. तो म्हणाला, "हल्ली टेक्नॉलॉजी आलीय सर, दोन फुटात आरामात होतं." बाकीच्यांनी माना हलवल्या. आणि मी, भूगोलाचा मास्तर, लिहून मोकळा झालो.

"वाचा गुर्जी, काय लिवलं."

मी वाचलं. "केरबाशेठ यांच्या मार्गदर्शनानुसार पाया दोन फूट. सर्वानुमते मंजूर."

केरबा उठून उभा राहिला. त्याचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. "सात म्हनलो तवा माज्या हातात मुरूम व्हता. आज हातात काय हाय? दोन म्हनलो आन् समद्यांनी माना हालवल्या. एकाला बी वाटलं न्हाई इचारावं, की बाबा, साताचे दोन कसे झाले. माजी लेक बसनार हाय ओ तितं. मी म्हनलो म्हनून गाडता का तिला?"

"शेठ, तुम्ही गंमत करून राहिले होते होय," तात्यासाहेब हसून बघायला लागले. इंजिनियर मोबाइलमध्ये काहीतरी शोधायला लागला.

"गुर्जी, तुमी तर पोरींना शिकवता ना ही माती?" केरबा मला म्हणाला. मी दोन खोडून सात लिहिलं.

इथं मी थांबलो असतो तर केरबाचं चित्र फार देखणं झालं असतं. पण त्याला स्वतःलाच ते चाललं नसतं.

पाया काढायच्या कामावर तो स्वतः देखरेख करायला यायचा. शाळेच्या कडुनिंबाखाली त्याच्यासाठी खुर्ची ठेवलेली असायची, वर तात्यासाहेबांनी पाठवलेली मोठी छत्री. मजुरांत हिमायतनगरकडून आलेली सुभद्राबाई नावाची एक बाई होती. पन्नाशीची, काटक, बोलायला कमी. नाल्याकडच्या कोपऱ्यात खणताना ती वर बघून म्हणाली, "मालक, हितली माती निराळी हाय. राख निगून राहिली, खापरं निगून राहिली. हितं आदी आड असन, बुजवलेला."

केरबा खुर्चीतून म्हणाला, "बाई, तीस वर्षं पाया काढून राहिलो मी. तू घमेलं उचल."

मी हसलो. तात्यासाहेबही हसले. दुसऱ्या दिवशी तिनं परत सांगितलं, "भर उन्हाळ्यात माती वली कशी लागती मालक?" केरबानं मुकादमाला हाक मारली आणि सांगितलं, हिचं तोंड लई चालतं, दुसरीकडं लाव. तिला दगड वाहायला लावलं. तिसऱ्या दिवशी चारही कोपऱ्यांत सात फुटांवर कठीण लागलं, उद्याच काँक्रीट ओतायचं असं ठरलं आणि जेवणाची सुट्टी झाली.

सुभद्राबाई जेवायला गेली नाही. ती पहार घेऊन त्या कोपऱ्यात उतरली. कुणाला काही बोलली नाही. दोन्ही हातांनी पहार उचलून खाली मारली. ठणका यायला पाहिजे होता, तो आलाच नाही. वर खापरांचा नि दगडांचा वीतभर थर होता, तो फोडून पहार तिच्या मुठीपर्यंत आत गेली आणि तशीच उभी राहिली.

केरबा खुर्चीतून उठला. खड्ड्याच्या कडेला येऊन त्या पहारीकडे बघत राहिला. मग मला विचारलं, "गुर्जी, हिनं दोनदा सांगितलं व्हतं ना?"

"हो."

"मंग मला ऐकू का आलं न्हाई?"

तात्यासाहेब छत्री सावरत जवळ आले होते. केरबानं त्यांच्याकडे बघितलं, मग त्या खुर्चीकडे. "मी तात्यासाहेब झालो, गुर्जी," तो म्हणाला. तात्यासाहेबांना हे कौतुक वाटलं. ते मोकळेपणानं हसले.

केरबा चपला काढून खड्ड्यात उतरला आणि सगळ्यांसमोर त्या बाईपुढं हात जोडले. "बाई, चुकलं माझं. लई चुकलं." त्याचे डोळे भरून आले होते. मी त्याला लेकीच्या काळजीनंसुद्धा रडताना बघितलं नव्हतं.

सुभद्राबाईला याचं काय करावं कळेना. तिनं पदरानं कपाळ पुसलं. "मंग आता खोल काढायचं का, का जेवून काढू?"

तो कोपरा तेरा फूट खाली गेला. बुजवलेला आडच होता. पार तळापासून दगड भरून घेतला, तिच्या सांगण्यावरून. त्यानंतर केरबाच्या हाताखाली जिथं जिथं पाया निघाला तिथं आधी सुभद्राबाई खड्ड्यात उतरायची. ती हो म्हणाल्याशिवाय तो काँक्रीट ओतू द्यायचा नाही. खोल्या उभ्या राहिल्या. उन्हाळे गेले, पावसाळे गेले, केसाएवढीही भेग नाही. रेणुका त्याच खोलीतून दहावी झाली.

मत देणं मात्र त्यानं बंद केलं. दारात माणसं आली की म्हणायचा, "जमीन माजी गेली, अक्कल कुटं वाढली? डाक्टरला इचारा, मास्तरला इचारा." लोकांना हा विनय वाटला आणि गर्दी आणखी वाढली. हेडक्लार्क म्हणाले, एवढं मोठेपण येऊनही किती साधेपणा. केरबा कपाळाला हात लावायचा.

गेल्या वर्षी तो गेला. कावीळ झाली, पंधरा दिवसांत संपला. त्याच्या शेवटच्या आजारातही माणसं उशाशी बसून शेअर बाजार विचारत होती. मला त्याची फार आठवण येते. भिंतीकडे बघितलं की येते, म्हणजे दिवसभर.

शोकसभा शाळेत झाली, त्याच दोन खोल्यांच्या मधला लाकडी पडदा सरकवून. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, बोलणाऱ्यांची यादी मीच केली होती. पहिले तात्यासाहेब. त्यांनी सांगितलं की सात फुटांचा आग्रह त्यांनी आणि केरबाशेठनी मिळून कसा धरला. मग पतसंस्थेचे चेअरमन, मग हेडक्लार्क, मग ज्यांचं बायपासवर हॉटेल निघालं आहे ते. सगळे छान बोलले.

सुभद्राबाई दाराशी, चपलांजवळ उभी होती. कामावरून तशीच आली होती, पायाला माती होती. एक भाषण संपल्यावर ती भिंतीच्या कडेनं माझ्यापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "गुर्जी, मी बी दोन शब्द बोलू का? मिस्त्रीबद्दल."

मी यादी बघितली. यादीत तिचं नाव नव्हतं. तात्यासाहेबांनी घड्याळाकडे बघितलं. "बाई, वेळ झालाय आता," मी म्हणालो, आणि माइकवर सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याची विनंती केली.

चेअरमनचा मोबाइल वाजला. हेडक्लार्क दोनदा खोकले. मी डोळे मिटले होते, पण नीट मिटले नव्हते. सुभद्राबाई जिथं मी तिला थांबवलं होतं तिथंच, हात जोडून उभी होती. सबंध खोलीत नीट गप्प उभं राहणं तिला एकटीलाच येत होतं.